रुमणे ज्याच्या त्याच्या हाताचे

सोलापूरहून विजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर मंद्रूप हे मोठे गाव लागते. भोवतालची जमीन काळी, पीक मुख्यतः रब्बी ज्वारीचे आणि बोली मराठी व कानडी यांच्या शिवेवरची. ट्रॅक्टर येण्यापूर्वी या पट्ट्यात पेरणीच्या तोंडावर सुताराच्या अंगणात गर्दी होत असे. कोणाला पाभरीच्या फणांतील अंतर बोटभर कमी हवे असे, कोणाचे चाडे फुटलेले असे, तर कोणा उंच्यापुऱ्या मुलाला बापाच्या मापाचे रुमणे कंबर मोडणारे वाटत असे. सुतार तासून, पाचर ठोकून, ज्याचे त्याला बसवून देई. अवजार धरणाऱ्याच्या मापाचे असले पाहिजे, हे त्या अंगणात कोणाला पटवून द्यावे लागत नव्हते.

आज अशाच गावांच्या बाजारपेठेत अर्ज, प्रतिज्ञापत्रे आणि करारनामे टंकून देणारी दुकाने दिसतात. तेथे बसलेल्या तरुणाचे अवजार म्हणजे संगणक. हे अवजार मात्र तो जसे आले तसेच वापरतो. अक्षरे बारीक असली तर डोळे बारीक करतो, एखादी कळ गैरसोयीच्या जागी असली तर बोटांना वळण लावतो, तोच पत्ता दिवसातून चाळीस वेळा टंकतो. यंत्र शिकलेल्या लोकांनी बनविले आहे, तेव्हा ते असेच असावयाचे, अशी त्याची समजूत असते. ज्याचा आजा सुताराला ‘हे रुमणे उतरव’ असे सांगत होता, त्याचा नातू कळफलकापुढे मुकाट्याने मान घालतो, ही मोठी विचित्र अवस्था आहे आणि तिचा विचार कोणी फारसा केलेला दिसत नाही.

संगणकावर मजकूर लिहिण्याच्या साधनाला संपादक असेच नाव आहे. हा संपादक वृत्तपत्राच्या कचेरीतला नव्हे; तो मजकूर घेतो, दुरुस्त करू देतो आणि साठवून ठेवतो, एवढेच त्याचे काम. त्यातही एक जुनी जात आहे. तिला खिडक्या नाहीत, चित्रे नाहीत, उंदराची म्हणजे माऊसची गरज नाही. काळ्या पडद्यावर आज्ञेची ओळ टंकावयाची आणि बोटांनीच सर्व कामे उरकावयाची. ‘व्हीआय’, तिची सुधारलेली आवृत्ती ‘व्हिम’, ‘ईमॅक्स’, ‘नॅनो’ ही या जातीतील नावे. जुन्यात जुन्या संगणकावरही ती चालतात, इंटरनेट नसले तरी अडत नाहीत, फुकट मिळतात आणि वापरणाऱ्याने मागेल तसा आपला स्वभाव बदलतात. प्रश्न या शेवटल्या गुणाचा आहे.

या साधनांचा इतिहास पाहिला, तर त्यांच्या ज्या सवयी अटळ वाटतात त्या किती योगायोगाने पडल्या आहेत हे ध्यानात येते. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी ‘ईडी’ नावाचा संपादक लिहिला. तो एका वेळी एकेका ओळीचाच विचार करी. पुढे १९७६ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील बर्कली येथे बिल जॉय या विद्यार्थ्याने ‘व्हीआय’ रचला. त्याच्यापुढे एडीएम-३ए हे यंत्र होते. त्या यंत्राच्या कळफलकावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के आणि एल या चार अक्षरांच्या कळांवरच बाण छापलेले होते. म्हणून डावीकडे, खाली, वर, उजवीकडे जाण्यासाठी जॉय यांनी त्याच कळा योजल्या. लिहिण्याच्या अवस्थेतून बाहेर पडण्यासाठी त्यांनी ‘एस्केप’ ही कळ निवडली. ती त्या कळफलकावर आजच्या ‘टॅब’च्या जागी, म्हणजे करंगळीच्या टोकाशी होती. नंतर कळफलक बदलले आणि एस्केप वर डावीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसली, पण संपादकाची सवय कायम राहिली. एका यंत्राच्या सोयीसाठी केलेली मांडणी अर्धे शतक लोटले तरी जगभरची बोटे पाळीत आहेत. जॉय यांनी चूक केली असे यात मुळीच नाही. त्यांनी आपल्या हातचे रुमणे आपल्या मापाचे केले. दोष असलाच तर तेच माप आपलेही समजणाऱ्यांचा.

हे ज्यांना उमगले होते त्यांत ब्रॅम मोलेनार या डच गृहस्थांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. अमिगा या संगणकासाठी त्यांनी ‘व्हीआय’चे अनुकरण हाती घेतले आणि १९९१ साली ते लोकांसाठी खुले केले. ‘व्हिम’ या नावाचा अर्थ आरंभी ‘व्हीआयचे अनुकरण’ असा होता, पुढे तो ‘सुधारलेला व्हीआय’ असा झाला. पैसे न घेता त्यांनी हे काम तीस वर्षांहून अधिक काळ केले. ज्यांना ते आवडेल त्यांनी युगांडातील किबाले येथील मुलांसाठी मदत पाठवावी, एवढीच त्यांची विनंती असे. ३ ऑगस्ट २०२३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी मागे ठेवलेल्या साधनातील एक साधी सोय येथे महत्त्वाची आहे. वापरणाऱ्याच्या घरच्या कप्प्यात ‘व्हिमआरसी’ नावाची एक फाइल असते. तीत ओळीओळीने आपल्या आवडीनिवडी लिहावयाच्या. संपादक उघडताच ती वाचतो आणि त्याप्रमाणे वागू लागतो. सोलापूरच्या वाचकाला हे नवे वाटू नये. जकार्ड मागावर छिद्रे पाडलेले पुठ्ठे बदलले की त्याच मागावर चादरीत वेगळे नक्षीकाम उठते. माग तोच, पुठ्ठे मात्र मालकाचे. संगणकाच्या पूर्वजांत या छिद्रांच्या पुठ्ठ्यांची गणना होते ती उगाच नव्हे.

आता मराठीत लिहिणाऱ्याचा प्रश्न घेऊ. भारतीय लिपींसाठी ठरविलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर एच, जे, के, एल या कळांवर अनुक्रमे प, र, क, त ही अक्षरे आहेत. संगणकाचा कळफलक देवनागरीवर ठेवून कोणी व्हिममध्ये मजकूर लिहिला आणि मग एस्केप दाबून खालच्या ओळीवर जाण्यासाठी जे दाबले, तर संपादकाच्या हाती ‘र’ पडतो. ‘र’ ही आज्ञा त्याला ठाऊक नाही. मजकूर साठविण्याची आज्ञा विसर्गासारख्या दोन टिंबांनी सुरू होते. त्या जागी उमटतो ‘छ’. नवखा मराठी माणूस येथेच हात टेकतो आणि हे यंत्र इंग्रजीसाठीच आहे असा निष्कर्ष काढून मोकळा होतो.

निष्कर्ष चुकीचा आहे. कळफलकाची अदलाबदल संपूर्ण संगणकाकडे न सोपविता संपादकाकडे सोपविली, तर लिहिण्याच्या अवस्थेत देवनागरी आणि आज्ञेच्या अवस्थेत रोमी अशी वाटणी तो आपण होऊन करतो. त्यासाठी एक यादी लागते: डावीकडे रोमी कळ, उजवीकडे तिने उमटवावयाचे अक्षर. यादी साधी आहे, एका बैठकीत कोणालाही लिहून होईल, आणि ज्याला इन्स्क्रिप्ट नको, जुन्या टंकलेखन यंत्राची रचना हवी, त्याला ती आपल्या बोटांच्या स्मरणाप्रमाणे लिहिता येईल. गोदरेज कंपनीने १९५५ पासून केलेली टंकलेखन यंत्रे २००९ मध्ये बनविणे थांबविले, परंतु त्या यंत्रांवर घडलेली बोटे अजून कामावर आहेत. त्यांना नवा कळफलक शिकण्याची सक्ती करण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट त्याहून बारीक, पण रोजच्या उपयोगाची आहे. मराठी लेखनातील चुकांचा मोठा वाटा ऱ्हस्वदीर्घाचा असतो. ‘विद्यार्थि’ असे चुकून लिहिले गेले तर केवळ वेलांटी बदलावयाची असते. व्हिम मात्र मूळ स्वभावाने व्यंजन आणि त्यावरील मात्रा यांना एकच अक्षर समजतो. खोडण्यास सांगितले की दोन्ही खोडतो. वेलांटीसाठी ‘थ’ पुन्हा टंकावा लागतो. यावर ‘डेलकम्बाइन’ नावाची एक ओळ आहे. ती फाइलीत लिहिली की मात्रा वेगळी खोडता येते आणि अक्षर शाबूत राहते. ज्याने ही सोय ठेवली त्याला आपल्या वेलांट्यांची काळजी होती असे समजण्याचे कारण नाही. जोडचिन्हे वापरणाऱ्या कोणत्याही भाषेला ती लागते. मूळची स्थिती बंद आहे, कारण ज्यांची गरज तिने भागते त्यांनी ती उघडावी अशी अपेक्षा. दार उघडे आहे, पण मराठी लिहिणाऱ्यांपैकी किती जणांना त्याचा पत्ता आहे?

तिसरी गोष्ट मंद्रूपच्या दुकानदाराच्या कामाची. ‘मु. पो. मंद्रूप, ता. दक्षिण सोलापूर, जि. सोलापूर’ हा पत्ता दोनतीन अक्षरांच्या संक्षेपाने उमटावा, एवढे सांगणारी ओळ त्याने लिहिली की चाळीस वेळांचे टंकन चुकते. त्याच रीतीने वारसनोंदीच्या अर्जाचा मायना, प्रतिज्ञापत्राचा शेवट, ‘सदर मिळकतीच्या चतुःसीमा’ यांसारखे ठरीव शब्द बांधून ठेवता येतात. चौथी गोष्ट विजेची. वीज गेली की टंकलेला अर्ज गेला, हा अनुभव ग्रामीण भागात कोणाला नाही? व्हिम दोनशे अक्षरे टंकून झाली की किंवा चार सेकंद हात थांबला की मजकुराची एक नक्कल बाजूला टिपून ठेवतो, आणि वीज आल्यावर तीतून मजकूर परत काढता येतो. दोनशेचा आकडा कोणाला जास्त वाटला तर तोही त्याच फाइलीत कमी करता येतो. आणि ‘कॅप्स लॉक’ ही कळ? देवनागरीला लहान-मोठी अक्षरे नाहीत, तेव्हा मराठी लिहिताना तिचा उपयोग शून्य. तिच्या जागी एस्केप आणून बसविली की करंगळीला तिची १९७६ मधील शेजारीण परत मिळते. ही अदलाबदल मात्र संपादकात न करता संगणकाच्या कळफलक-रचनेत करावी लागते.

इन्स्क्रिप्टविषयी एक गोष्ट सीमाभागाच्या दृष्टीने विशेष आहे. या कळफलकात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत, आणि ही मांडणी सर्व प्रमुख भारतीय लिपींना समान आहे. मराठी ‘क’ ज्या कळेवर, कानडी ‘क’ही त्याच कळेवर. मंद्रूपच्या पलीकडे भीमा ओलांडली की कर्नाटक लागते. अलीकडच्या घराघरांतही दोन्ही भाषा नांदतात. तेथील मुलाने एकदा बोटांना वळण लावले, तर तो दोन्ही भाषांत अर्ज लिहू शकेल. इंग्रजी स्पेलिंगच्या वाटेने मराठी टंकणाऱ्याला ही सोय मिळत नाही. तो प्रत्येक शब्दाला आधी परक्या लिपीत नेतो आणि मग परत आणतो. राज्य शासनाने युनिकोडचा व इन्स्क्रिप्टचा पुरस्कार केला आहे, तो योग्यच आहे. परंतु कळफलक शिकविणे आणि कळफलक शिकणाऱ्याला त्याचे साधन वळवून घ्यायला शिकविणे या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरीचा विचार कोणत्याही अभ्यासक्रमात ठळकपणे आढळत नाही.

यातील उणीव झाकून ठेवण्याचे कारण नाही. काळ्या पडद्यावरील संपादकात देवनागरी अजून नीट दिसत नाही. हा पडदा चौकटींचा बनलेला असतो आणि प्रत्येक अक्षराला ठरीव रुंदीची चौकट मिळते. रोमी लिपीला ते मानवते. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते आणि त्याच्या आधी दिसते. जोडाक्षरात दोन-तीन व्यंजने एका आकृतीत मिसळतात. चौकटींचा हिशेब येथे चुकतो, अक्षरे एकमेकांवर चढतात आणि ठिपका एका जागी दिसून मजकूर दुसऱ्या जागी पडतो. ‘ईमॅक्स’ स्वतःच्या खिडकीत चालविला तर मात्र ही अडचण बहुतांशी मिटते. त्याच्या २०२० मध्ये निघालेल्या २७ व्या आवृत्तीपासून अक्षरजोडणीचे काम ‘हार्फबझ’ या आज्ञावलीकडे दिलेले आहे आणि जोडाक्षरे जशी हवीत तशी उमटतात. रोमी कळांनी देवनागरी टंकण्याची सोय त्यात पूर्वीपासून आहे. २०२३ मधील २९ व्या आवृत्तीत तर मोडी लिपीलाही जागा मिळाली. दप्तरखान्यांतील मोडी कागदांचे लिप्यंतर करणाऱ्यांनी याची दखल घेण्यासारखी आहे. तेव्हा ज्याला मुख्यतः मराठीच लिहावयाचे आहे त्याने ईमॅक्सकडे वळावे, आणि ज्याला मधूनमधून मराठी लागते त्याने व्हिमवर भागवावे, असा व्यवहारी सल्ला देता येईल. नवशिक्याला हे दोन्ही जड गेले तर नॅनो आहेच. त्याच्या मुख्य आज्ञा पडद्याच्या तळाशीच लिहिलेल्या असतात आणि त्याचीही आवडीनिवडींची फाइल असते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गैरवाजवी नाही. भ्रमणध्वनीवर बोलले की मजकूर उमटतो, अशा काळात अर्ज लिहिणाऱ्या तरुणाने या जुनाट साधनाच्या मागे का लागावे? सर्वांनी लागावे असे कोणी म्हणणार नाही. चार ओळींचा निरोप भ्रमणध्वनीवरच लिहावा. पण ज्याचे पोट लेखणीवर आहे, ज्याला दिवसातून सहा-आठ तास टंकावयाचे आहे, त्याचे साधन दुसऱ्याच्या मर्जीवर राहिले की काय होते याचा धडा महाराष्ट्राने एकदा घेतलेला आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी फाँटांत टंकला जाई. प्रत्येक फाँटाचा सांकेतिक हिशेब वेगळा. फाँट काढून घेतला की ‘महाराष्ट्र’ या शब्दाच्या जागी रोमी अक्षरांचा व चिन्हांचा उकिरडा दिसे. १९९० नंतरच्या दीडएक दशकातील कितीतरी मराठी मजकूर अशा अवस्थेत तबकड्यांत पडून आहे. रूपांतराची साधने आहेत, पण प्रत्येक वेळी ती हुडकावी लागतात आणि जोडाक्षरांत चुका राहतात. मंद्रूपच्याच तालुक्यात, भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथे शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ मधील कोरीव लेख आहे. मराठीच्या आद्य लेखांत त्याची गणना होते. एक हजार वर्षांपूर्वीचा दगड वाचता येतो आणि तीस वर्षांपूर्वीचा अर्ज वाचता येत नाही, याला प्रगती म्हणणे अवघड आहे. साध्या संपादकात युनिकोडने लिहिलेला मजकूर कोणत्याही यंत्रावर, कोणाचीही परवानगी न घेता उघडतो. आवडीनिवडींची फाइलही तशीच असते. वीस वर्षांपूर्वी लिहिलेली ती फाइल आज नव्या संगणकावर ठेवली तर बहुतेक तशीच चालते.

मात्र या हौसेला एक रोगही जडलेला आहे. काही मंडळी संपादक सजविण्यात इतकी रमतात की त्यात लिहावयाचे राहूनच जाते. रंग बदल, जोडण्या लाव, दुसऱ्याची पाचशे ओळींची फाइल आणून आपल्या कप्प्यात ठेव, मग त्यातील कोणती ओळ काय करते हे न कळल्याने डोके धर, असा त्यांचा दिनक्रम असतो. पेरणी सोडून पाभरीला घुंगरे बांधीत बसणारा शेतकरी गावात हास्याचा विषय होईल; येथे मात्र त्याला जाणकार समजतात. उसन्या फाइलीने कोणाचेच भले झालेले नाही. दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालून पुन्हा बाह्या दुमडाव्याच लागतात. एखादी गोष्ट तीनदा खुपली की तिच्यापुरती एक ओळ लिहावी, आणि ती कशासाठी लिहिली हे शेजारी मराठीत नोंदवावे. अशी टीप लिहिण्यास व्हिमला हरकत नसते. ओळीच्या आरंभी अवतरणचिन्ह घातले की पुढचा मजकूर तो वाचून सोडून देतो. पाच-सहा महिन्यांत पंधरा-वीस ओळी जमतात आणि पुष्कळांना तेवढ्या आयुष्यभर पुरतात.

या कामी मोठ्या योजनेची किंवा अनुदानाची आवश्यकता नाही. टंकलेखनाच्या शासकीय परीक्षा आता संगणकावर होतात आणि तालुक्या-तालुक्यांत त्या शिकविणाऱ्या संस्था आहेत. गती तीस शब्दांची की चाळीस शब्दांची, यावर तेथे सारा भर असतो. त्या वर्गात दोन तास राखून ठेवले, तर शिकणाऱ्याला स्वतःची फाइल स्वतः लिहिता येईल. सोलापुरात अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत, विद्यापीठ आहे. तेथील विद्यार्थ्यांपैकी कोणी मराठी कळफलकाची यादी, मात्रा खोडण्याची ओळ आणि चार संक्षेप यांचा एक नमुना करून तो मराठी टिपांसह फुकट वाटला, तर त्यांच्या शिक्षणाचा खर्च समाजाला एवढ्यापुरता तरी परत मिळेल. जुने, टाकून दिलेले संगणक या संपादकांना पुरेसे असतात, म्हणून गावच्या वाचनालयालाही हे झेपण्यासारखे आहे. काळ्या पडद्यावर देवनागरी नीट दिसावी याची खटपट मात्र संगणक जाणणाऱ्यांनीच केली पाहिजे. या आज्ञावल्यांचा मूळ मजकूर सर्वांना खुला आहे, दुरुस्त्या पाठविण्याची मुभा आहे, आणि ज्यांची लिपी बिघडून दिसते त्यांनी तक्रार नोंदविल्यावाचून ती दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांत खुपणार नाही.

तोवर मंद्रूपच्या दुकानातील तरुणाने आरंभ कोठून करावा? बहुधा विजेपासून. दोनशेच्या जागी वीस हा आकडा घालावयाचा आणि वरच्या ओळीत, अवतरणचिन्हापुढे, आपल्या भाषेत लिहावयाचे: ‘दुपारी वीज जाते म्हणून.’